चराऊ कुरण: गवत निवडण्याआधी विश्रांतीचे गणित मांडावे

माळरान (धागाकर्ता)

चाऱ्याचे पीक निवडताना पहिला प्रश्न हमखास विचारला जातो तो हेक्टरी उत्पादनाचा. कापून गव्हाणीत टाकायच्या चाऱ्यासाठी तो प्रश्न रास्त आहे. पण जनावर स्वतः रानात फिरून खाणार असेल, तर त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: हे गवत जनावराने खाल्ल्यावर पुन्हा कुठून फुटते, आणि त्या फुटीला लागणारा वेळ मी त्याला वर्षभर देऊ शकतो का? माझ्या मते कुरणाचे भवितव्य गवताच्या जातीपेक्षा या वेळेवर अधिक ठरते, आणि चर्चा त्यावरच व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

गवत पानांवर जगते. पाने खाल्ली गेली की नवीन पान काढण्यासाठी ते बुडख्यात आणि मुळांत साठवलेले अन्न वापरते, आणि पुरेशी पाने झाल्यावर तो साठा पुन्हा भरून काढते. साठा भरण्याआधीच कोवळी फूट पुन्हा खाल्ली गेली, की झाड दर खेपेला थोडे अशक्त होते. अमेरिकेतील संशोधक फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की निम्म्यापर्यंत पाला काढला तर मुळांची वाढ फारशी अडत नाही, पण त्याच्या बरेच पुढे गेले की मुळांची वाढ कित्येक दिवस पूर्ण थांबते. वरून हिरवे दिसणारे कुरण पाण्याच्या पहिल्याच ताणाला का करपते, याचे उत्तर बहुधा या थांबलेल्या मुळांत असते.

फ्रान्समधील शेतकरी आणि जीवरसायनतज्ज्ञ आंद्रे व्हॉयझँ यांनी १९५०च्या दशकात चराईचे जे नियम मांडले, त्यांतील पहिले दोन मला आजही सर्वांत उपयोगी वाटतात. दोन चरायांमध्ये गवताचा साठा भरून निघेल एवढे अंतर असावे, आणि एका तुकड्यात जनावरांचा मुक्काम इतका थोडा असावा की खाल्लेल्या ठोंबाला आलेली नवी फूट त्याच मुक्कामात पुन्हा खाल्ली जाऊ नये. वाढीच्या दिवसांत ही फूट तीन-चार दिवसांतच तोंडी येण्याजोगी होते. म्हणून तीन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम नको, आणि एक दिवसाचा असेल तर उत्तम. नुकसान पहिल्या घासाने फारसे होत नाही, ते कोवळ्या फुटीवर पडणाऱ्या दुसऱ्या घासाने होते.

आता निवडीकडे येतो. हरळी किंवा पॅरा घास अशी जमिनीलगत पसरणारी गवते वाढीचे डोळे अगदी खाली ठेवतात, म्हणून ती बऱ्यापैकी खाली खाल्लेली सोसतात. गिनी गवत, संकरित नेपियर यांसारखी उभी, ठोंबाची गवते पंधरा-वीस सेंटिमीटरच्या खाली खाल्ली गेली की फूट उशिरा येते आणि ठोंब मधून पोकळ होऊ लागतो. लसूणघास बुडख्यातून फुटते आणि तिला दर खेपेला जवळजवळ फुलावर येईपर्यंत मोकळीक हवी. तिच्यावर रोज जनावरे सोडली तर ती वर्षभरातच विरळ होते. म्हणजे ज्याला तुकडे पाडून जनावरे फिरवणे शक्य नाही, त्याने लसूणघास चराईसाठी निवडू नये. ती कापूनच द्यावी. ज्याची जनावरे दिवसभर एकाच रानात असतात त्याने पसरणारे गवत धरावे आणि जनावरांची संख्या आवरती ठेवावी.

गव्हाण

लेख मुद्देसूद आहे, परंतु मला मूळ भूमिकेवरच एक शंका विचारायची आहे. ज्याच्याकडे जमीन थोडी आहे त्याने चराईचा विचार करावाच कशासाठी? नेपियर कापून, कुट्टी करून दिली तर तुडवून वाया जाणारा चारा वाचतो, जनावराची चालण्यातली ऊर्जा वाचते, आणि तेवढ्याच जमिनीवर जास्त जनावरे सांभाळता येतात. शिवाय आपण म्हणता त्या विश्रांतीसाठी नेमकी किती जमीन लागेल, हे आकड्यांत सांगितल्याशिवाय कोणालाच निर्णय घेता येणार नाही.

माळरान

आपला पहिला मुद्दा मला मान्य आहे. पाणी भरपूर आणि जमीन थोडी असेल तर कापून देणेच योग्य. मात्र त्याची एक किंमत हिशेबात धरावी. चरणाऱ्या जनावराने खाल्लेल्या नत्राचा आणि पालाशचा मोठा भाग शेण-मूत्रावाटे त्याच रानात परत पडतो. कापून नेलेल्या चाऱ्याबरोबर तो रानाबाहेर जातो. नेपियर वर्षातून अनेकदा कापला जातो आणि प्रत्येक कापणी पालाश उपसून नेते, म्हणून गोठ्यातले शेणखत त्याच रानात परत गेले नाही तर काही वर्षांत उत्पादन उतरते.

दुसऱ्या मुद्द्यासाठी गणित मांडून दाखवतो. त्यातले आकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाने स्वतःच्या रानात मोजून आपले आकडे घालावेत.

एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी चौकट करावी. ती रानात ठिकठिकाणी टाकून, जेवढी उंची मागे ठेवायची आहे तेवढी सोडून वरचे गवत कापावे आणि त्याची सरासरी काढावी. चौकट चांगल्या जागी ठेवण्याचा मोह होतो, म्हणून ती न बघता टाकावी. समजा चौरस मीटरला सरासरी ९०० ग्रॅम हिरवे गवत मिळाले. त्यातले १०० ग्रॅम बारीक चिरून, वजन आणखी कमी होईनासे होईपर्यंत वाळवले आणि २० ग्रॅम उरले, तर शुष्कांश २० टक्के झाला. म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम आणि हेक्टरला १,८०० किलो शुष्क चारा. तुडवण्यात आणि शेणाने खराब होण्यात चौथा हिस्सा धरला, तर जनावरांच्या पोटात जाणारे १,३५० किलो उरतात.

आता पंधरा गाई, प्रत्येकी सुमारे ४०० किलो वजनाच्या, आणि वजनाच्या अडीच टक्के शुष्क चारा धरला तर प्रत्येकीला १० किलो, एकूण रोजचे १५० किलो. दुभत्या गाईला तीन टक्के किंवा अधिक लागतो, हे वेगळे. या हिशेबाने एक हेक्टर नऊ दिवस पुरतो. म्हणजे रोजचा तुकडा साधारण ११०० चौरस मीटरचा. गवताला तीस दिवस विश्रांती हवी असेल तर एकतीस तुकडे, म्हणजे जवळजवळ साडेतीन हेक्टर लागतील. वाढ मंदावली आणि तेवढेच गवत परत यायला साठ दिवस लागू लागले, की त्याच पंधरा गाईंना पावणेसात हेक्टर हवेत.

इथेच बहुतेक कुरणे फसतात. जनावरांची संख्या भर वाढीच्या महिन्यावरून ठरवली जाते, आणि वाढ मंदावल्यावर जनावरे तेवढीच राहतात. मग फेरा आपोआप लवकर पूर्ण होतो, जनावरे अर्ध्या वाढलेल्या तुकड्यात परत येतात, आणि जेव्हा विश्रांती दुप्पट हवी तेव्हा ती निम्मी होते. हिशेब सर्वांत मंद वाढीच्या काळाचा करावा, आणि भर वाढीत जे जास्तीचे येईल ते कापून मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) किंवा वाळलेले गवत करून ठेवावे. गोठ्यात साठवलेला चारा असेल तरच वाढ मंदावलेल्या दिवसांत जनावरे कुरणाबाहेर काढता येतात.

पशुआरोग्य

चराईसाठी पीक निवडताना त्यातल्या धोक्यांकडे दुर्लक्ष होते, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्वारी, सुदान गवत आणि त्यांचे संकर यांच्या कोवळ्या पानांत असा एक पदार्थ असतो ज्यापासून चावल्यावर हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार होते. पीक ६० सेंटिमीटरच्या वर जाईपर्यंत त्यात जनावर सोडू नये, आणि ताण पडून खुरटलेल्या पिकात तर उंची कितीही असली तरी सावध राहावे. सर्वांत घातक असते ती कापणीनंतरची किंवा ताणानंतर पाऊस पडल्यावरची कोवळी फूट, कारण ती जनावराला सर्वांत जास्त आवडते. भुकेले जनावर अशा रानात शिरले तर काही मिनिटांत धापा टाकू लागते, थरथरते आणि कोसळते. फुलोऱ्यात आलेल्या ज्वारीत हा धोका बराच कमी असतो, नीट वाळवल्यावर आणखी घटतो, आणि मुरघासातही कमी होतो.

बाजरीत हे आम्ल नसते, म्हणून ती चराईला निर्धोक समजली जाते. पण नायट्रेटचा प्रश्न बाजरीतही येतो, मक्यातही येतो आणि ओटमध्येही येतो. भरपूर नत्र दिलेले पीक पाण्याच्या ताणात सापडले किंवा बरेच दिवस आभाळ राहिले, की जमिनीतून उचललेले नायट्रेट प्रथिनात बदलत नाही आणि खोडाच्या खालच्या भागात साठते. कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यात) त्याचे नायट्राइट होते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता जाते. रक्त तपकिरी दिसू लागते. हायड्रोसायनिक आम्लाच्या विषबाधेत रक्त उलट लालभडक असते. एक फरक विशेष लक्षात ठेवावा: वाळवल्याने नायट्रेट जात नाही. मुरघासात ते काही प्रमाणात घटते, पण वाळलेल्या चाऱ्यात जसेच्या तसे राहते. म्हणून शंका असेल तर ताणानंतरच्या पावसावर आठवडाभर थांबावे, बुडखा उंच ठेवून कापावे, आणि चाऱ्याची तपासणी करून घ्यावी. या दोन्ही विषबाधांत घरगुती उपायांत वेळ घालवू नये. चारा तोंडासमोरून काढून ताबडतोब पशुवैद्य बोलवावा.

तिसरी गोष्ट पोटफुगीची. लसूणघास आणि बरसीम कोवळी असताना भरपूर खाल्ली गेली की कोठीपोटात फेस धरतो, वायू त्यात अडकतो आणि ढेकर येत नाही. डावी भकाळी (कुशीतला खळगा) वर येते, जनावर अस्वस्थ होते, आणि उशीर झाला तर श्वास कोंडून मरते. उपाशी जनावर अशा पिकात कधीही सोडू नये. आधी कडबा किंवा वाळलेले गवत पोटभर द्यावे, दव उतरू द्यावे, आणि पहिले काही दिवस थोडा वेळच सोडावे. कुरणात अशा द्विदलांचे (शेंगवर्गीय चाऱ्याचे) प्रमाण निम्म्याच्या आत ठेवले तर धोका बराच उतरतो. ज्या द्विदलांत टॅनिन हा तुरट पदार्थ असतो, त्यांच्यामुळे अशी पोटफुगी होत नाही. सेनफॉइन आणि बर्ड्सफूट ट्रेफॉइल ही त्यांची उदाहरणे.

संकरित नेपियर, सेटारिया अशा गवतांत ऑक्झलेट असते आणि ते कॅल्शियम बांधून ठेवते. रवंथ करणारे जनावर हळूहळू त्याला सरावते, पण घोड्याचे तसे नाही. घोड्याला अशाच गवतावर दीर्घकाळ ठेवले तर हाडे पोकळ होतात. घोडे पाळणाऱ्यांनी सुदान गवतही टाळावे, त्याने घोड्यांना मूत्राशयाचा विकार होतो.

शेळ्या-मेंढ्या

आपण दोघांनीही गाई-म्हशी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. शेळीच्या बाबतीत हे बरेच बदलते. शेळी मान वर करून पाला ओरबाडणारी आहे. तिला फक्त गवताच्या रानात ठेवले की ती नाइलाजाने जमिनीलगत खाते आणि जंतांना बळी पडते. म्हणून मी सुभाभूळ लावायच्या विचारात आहे. त्याबद्दल ऐकू येणारी भीती कितपत खरी आहे? आणि विश्रांतीने जंतही मरतात, असे म्हणतात ते खरे का?

पशुआरोग्य

सुभाभळीची भीती खरी आहे, पण तिला मर्यादा आहे. तिच्या पाल्यात मिमोसिन हा विषारी पदार्थ असतो. कोठीपोटात त्यापासून जो पदार्थ होतो तो गळ्यातल्या ग्रंथीच्या कामात अडथळा आणतो. केस झडणे, वाढ खुंटणे, लाळ गळणे ही लक्षणे दिसतात. ऑस्ट्रेलियात जनावरांना हा त्रास होई, हवाई बेटांवरच्या शेळ्यांना होत नसे. याचा माग काढताना रेमंड जोन्स यांना आढळले की त्या शेळ्यांच्या कोठीपोटात हे विष फोडणारे जिवाणू आहेत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले गेले आणि पुढे त्यातल्या जिवाणूला जोन्स यांच्यावरूनच नाव मिळाले. आपल्या शेळ्यांत ते जिवाणू आहेत की नाहीत हे वरून कळत नाही, म्हणून एकूण आहारात सुभाभळीचा पाला तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवावा आणि घोडे व डुकरे यांना देऊ नये. प्रथिनांसाठी तिच्यासारखा पाला थोडा.

जंतांबद्दल आपण ऐकले ते अर्धे खरे आहे. उबदार, ओलसर हवेत लेंडीतल्या अंड्यातून बाहेर पडलेली अळी साधारण आठवडाभरात बाधा करण्याजोगी होते, म्हणून कळप त्याआधी पुढच्या तुकड्यात गेलेला असावा. मात्र ती अळी नंतर कित्येक आठवडे, थंड हवेत काही महिने, रानात जिवंत राहते. तीस दिवसांची विश्रांती गवताला पुरते, अळी मारायला पुरत नाही. बहुतेक अळ्या गवताच्या खालच्या पाच सेंटिमीटरमध्येच असतात. म्हणून मेंढ्यांनी दहा सेंटिमीटरच्या खाली खाऊ नये. मेंढ्यांनंतर त्याच तुकड्यात गाई सोडल्या तर आणखी चांगले, कारण मेंढ्यांचे बहुतेक जंत गाईच्या पोटात टिकत नाहीत आणि त्या अळ्या गवताबरोबर गिळल्या जाऊन संपतात.

नवखा

सर्व प्रतिसाद वाचले. माझे रान मोकळे आहे आणि मला नव्याने पेरायचे आहे. एकाच चांगल्या गवताचे शेत करावे, की मिश्रण पेरावे? आणि तुकडा चराईला तयार झाला हे कशावरून ओळखावे?

माळरान

मिश्रण पेरावे, पण मोजके. एक मुख्य बहुवर्षीय गवत, त्याच्या जोडीला एक-दोन द्विदले, एवढे पुरे. सात-आठ जातींचे मिश्रण आकर्षक वाटते, पण प्रत्येकीची फूट आणि विश्रांती वेगळी असल्याने जनावरे आवडीची आधी संपवतात आणि काही वर्षांत नावडतीच उरतात. द्विदलाचे महत्त्व प्रथिनांपुरते नाही. चाऱ्यातली कच्ची प्रथिने (नत्रावरून मोजलेली एकूण प्रथिने) सात टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातले जिवाणू उपाशी राहतात आणि जनावर पोट भरलेले असूनही खाणे कमी करते. गवत जून झाल्यावर नेमके हेच होते, आणि त्यातले हिरवे द्विदल ही तूट भरून काढते. हलक्या, आम्लधर्मी जमिनीत स्टायलो हे द्विदल चालते, निचऱ्याच्या सुपीक जमिनीत लसूणघास. पाणी साचणाऱ्या जमिनीत लसूणघास लावू नये, तिची मुळे कुजतात.

एकाच जातीवर सर्व भार टाकण्याविरुद्ध एक इतिहास आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल स्टायलो हे द्विदल फार मोठ्या क्षेत्रावर पसरले होते. १९७०च्या दशकात त्यावर करपा रोग आला आणि ती कुरणे उद्ध्वस्त झाली. नंतर रोगाला दाद न देणारे वाण शोधावे लागले.

पेरणीत सर्वाधिक नुकसान खोलीमुळे होते. ही बियाणी बारीक असतात, ती एक ते दीड सेंटिमीटरपेक्षा खोल गेली की कोंब वर येण्याआधीच त्यांतले अन्न संपते. जमीन बारीक करून वरून दाबलेली असावी. चालताना टाच खोल रुतत असेल तर ती अजून भुसभुशीत आहे. स्टायलो आणि सुभाभूळ यांच्या बियांचे कवच कठीण असते, ते गरम पाण्याच्या प्रक्रियेने मऊ करावे लागते. द्विदलाच्या बियाण्याला त्याच्या गटाचे रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत राहून हवेतले नत्र मिळवून देणारे जिवाणू) लावावे. दुसऱ्याच पिकाचे संवर्धक लावून उपयोग होत नाही. बरसीमच्या बियाण्यात कासनी या तणाचे बी मिसळलेले असते, ते दहा टक्के मिठाच्या पाण्यात तरंगून वेगळे निघते. त्यानंतर बी साध्या पाण्याने धुऊन घ्यावे. लसूणघासेचे बियाणे अमरवेलमुक्त असल्याची खात्री केल्याशिवाय घेऊच नये, कारण ती वेल एकदा रानात आली की निघणे फार अवघड.

पहिली चराई घाईने करू नये. रोपे मुळांसकट उपटली जातात का, हे हाताने ओढून पाहावे: चिमटीत पान धरून जनावर ओढते तसा झटका द्यावा. पान तुटले आणि रोप जागेवर राहिले तर हलकी चराई चालते; रोप हातात आले तर थांबावे.

तयारीची ओळख विचारलीत, तर दिवस मोजण्यापेक्षा पाने मोजावीत. राय गवताच्या एका फुटव्यावर एका वेळी तीनच जिवंत पाने राहतात. चौथे निघू लागले की सर्वांत जुने वाळायला लागते. म्हणून तिसरे पान पूर्ण उलगडत असताना जनावरे सोडली, तर साठाही भरलेला असतो आणि पान वायाही जात नाही. इतर गवतांचा आकडा वेगळा असतो, पण खूण तीच: बुडाचे पान पिवळे पडू लागले की तुकडा तयार आहे, आणि पोटरी (फुलोरा बाहेर पडण्याआधी पानाच्या आवरणात आलेला फुगीर भाग) दिसू लागली की आपल्याला उशीर होतो आहे. पोटरीनंतर खोडाचे प्रमाण वाढते, पचनीयता भराभर उतरते, आणि जनावरे वरचा पाला खाऊन खोडे उभीच ठेवतात.

गव्हाण

गणित माझ्या रानाला लावून पाहतो. एक शेवटचा प्रश्न: जुने, विरळ झालेले कुरण मोडून नवे पेरावे, की आहे तेच सुधारावे?

माळरान

मोडण्याआधी एक तुकडा कुंपण घालून एका पूर्ण वाढीच्या हंगामापुरता बंद ठेवावा आणि काय उगवते ते पाहावे. चांगल्या गवताचे ठोंब हात-दीड हाताच्या अंतरावर जिवंत दिसले, तर नांगर घालायचे कारण नाही. ते बी धरून, ते पडेपर्यंत विश्रांती दिली आणि मधल्या मोकळ्या जागेत हलकेच उकरून द्विदल टोकले, की कुरण भरते. ठोंब विरळ असून मध्ये जनावरे न खाणारे तणच माजले असेल, तर आधी माती तपासून स्फुरद आणि आम्लता पाहावी, कारण ती कमतरता तशीच राहिली तर नवे बियाणेही त्याच वाटेने जाईल. उतारावरची जमीन मात्र पूर्ण नांगरू नये. समपातळीवर पट्टे घेऊन एकेक पट्टा नव्याने पेरावा आणि तो मूळ धरेपर्यंत पुढच्याला हात लावू नये.